बाकावरचा अर्धा तास

गेल्या वर्षी फ्लूची लस घेतल्यावर आत्याला कणकण आली, दंड दुखू लागला आणि "लशीनंच मला फ्लू दिला" हे तिने साऱ्या वाडीला सांगितलं. तिचं ऐकून दोघी-तिघींनी लसच घेतली नाही. ते मला फार लागलं. म्हणून यंदा पेरण्या उरकल्यावर मिरजोळ्यातल्या दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले.

टोचणं मिनिटभराचं. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत जपलेली अर्धा मिली लस दंडात गेली. सिस्टरांनी आत्याच्या मनगटावर बॉलपेनने वेळ लिहिली, १०.४०, आणि तिला बाकावर बसवलं. "अर्धा तास. उठायचं नाही."

कापसाला स्पिरिटचा वास, बाहेर पावसाची झड. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या आणि दंडाकडे नाही, आत्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. ओठ सुजलेत का, अंगावर गांधी उठल्यात का, श्वास लागतोय का. अशी तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्यालाच होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच. ट्रेमध्ये ॲड्रेनलीन तयार होतं. त्या एकासाठी प्रत्येकाचा अर्धा तास.

"काकी, यातला विषाणू मेलेला असतो. तो फ्लू कसा देईल?" सिस्टर म्हणाल्या. कणकण म्हणजे शरीराची तयारी. ती पुरी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढ्यात दुसरीच सर्दी गाठते आणि बोल लशीला लागतो. २००९ मध्ये पुण्याला हादरवणाऱ्या स्वाइन फ्लूचा एच१एन१ आज याच लशीत असतो. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यायची.

घरी काय करायचं, तेही त्यांनी घाई न करता सांगितलं. दंड चोळायचा नाही, बाम लावायचा नाही. दुखलं तर थंड पाण्याची घडी ठेवायची, हात हलता ठेवायचा. ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी. दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर दाखवायला यायचं.

११.१० ला आत्या उठली. रात्री थोडी कणकण आली, दंड जड झाला. तिसऱ्या दिवशी ती तरवा बघायला शेतावर होती.

लस घ्यायला जाल तेव्हा तो अर्धा तास हाताशी ठेवूनच घरातून निघा.