वनजिल्ह्यांतील नेमणूक आणि घरभाडे भत्ता : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
नेमणुकीच्या ठिकाणी शासकीय सेवकाचे स्वतःचे घर असेलच असे नाही. नोकरीमुळे पडणाऱ्या या खर्चाचा काही भार शासनाने उचलावा, हे घरभाडे भत्त्यामागील तत्त्व होय. मुंबई-पुण्यात या तत्त्वाचा अर्थ सहज कळतो. परंतु ज्या गावी भाड्याने मिळण्याजोगे घरच नाही, तेथे हा भत्ता नेमकी कशाची भरपाई करतो? प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

दरांची रचना :
घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या लोकसंख्येवर ठरतात. पन्नास लाखांवरील शहरे ‘एक्स’, पाच ते पन्नास लाखांची ‘वाय’ आणि उरलेली सर्व गावे व शहरे ‘झेड’ या वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाने २०१९ पासून या वर्गांना अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के असे दर लागू केले. महागाई भत्ता वाढला की हे दरही टप्प्याने वाढतात. परंतु त्यांचे ३:२:१ हे प्रमाण कायम राहते. २९,२०० रुपये मूळ वेतन असलेल्या शिक्षकास मूळ दराने मुंबईत ७,००८ रुपये, नागपुरात ४,६७२ रुपये आणि भामरागडात २,३३६ रुपये मिळतात. चंद्रपूर शहरही ‘झेड’ वर्गातच आहे. म्हणजे चंद्रपूरसारखे औद्योगिक शहर आणि एटापल्ली तालुक्यातील एखादा टोला यांत ही पद्धत कोणताही भेद करीत नाही. लोकसंख्या कमी तेथे भाडे कमी, हे तिचे गृहीतक आहे. घर मुळीच उपलब्ध नसण्याची शक्यता त्यात धरलेली नाही.

वनजिल्ह्यांतील वस्तुस्थिती :
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनांखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात. लहान व विखुरलेल्या वस्त्यांत प्रत्येक कुटुंबाकडे स्वतःपुरते घर असते. भाड्याने देण्यासाठी वेगळी खोली बांधण्याची प्रथा नाही. बाहेरच्या माणसाने जमीन घेऊन घर बांधावे म्हटले, तर आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने वा भाडेपट्ट्याने जाऊ नये यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे निर्बंध आहेत. हे निर्बंध सर्वथा योग्य आहेत. परंतु अशा गावात घरांचा भाडेबाजार उभा राहणार नाही, हेही त्यासोबत मान्य केले पाहिजे.

परिणामी अनेक कर्मचारी तालुक्याच्या ठिकाणी राहून ये-जा करतात. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब चंद्रपूर वा नागपूरला ठेवणाऱ्यांस दोन घरांचा खर्च पडतो. भत्ता मात्र नेमणुकीच्या गावाच्या दराने एकदाच मिळतो. दुसरीकडे, ग्रामविकास विभागाच्या ९ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने मुख्यालयी वास्तव्याबाबत ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरविला. गावाची अपेक्षा रास्तच आहे. रात्री प्रसूतीची वेळ आली, सर्पदंश झाला किंवा पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झाला, तर तालुक्याहून येणारा कर्मचारी उपयोगी पडत नाही. परंतु जेथे घरच नाही तेथे ठरावाची सक्ती केली, तर कागद पूर्ण होतो आणि गाव रात्री पूर्वीसारखेच एकटे राहते.

प्रोत्साहनाचा उपाय व त्याची मर्यादा :
६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांसाठी एकस्तर वरिष्ठ वेतनश्रेणीची तरतूद झाली. नक्षलग्रस्त भागासाठी मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ताही देण्यात आला. त्यास १,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. या सवलती सेवेतील कष्टांची दखल घेतात. निवाऱ्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. पैसा वाढविल्याने, जे घर अस्तित्वातच नाही ते मिळत नाही.

परदेशातील नेमणुकीशी तुलना :
भारतीय दूतावासांतील अधिकाऱ्यांसाठी शासन वेगळे तत्त्व पाळते. तेथे वेतनाच्या टक्केवारीने भाडे हाती दिले जात नाही. शासकीय मालकीचे घर असेल तर ते दिले जाते. नसेल तर ठरावीक मर्यादेत शासनच घर भाड्याने घेते. राहणीमानाच्या खर्चासाठी परदेश भत्ता स्वतंत्र असतो. अनोळखी देशात कर्मचाऱ्याने स्वतः घर शोधावे, ही अपेक्षा शासनाने रास्त मानलेली नाही. सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या आणि माडिया भाषा न जाणणाऱ्या शिक्षकाची स्थिती भामरागडात फारशी निराळी नसते. येथे परका तो असतो, गाव नव्हे.

याच परिसरात हे तत्त्व जुनेच आहे. वनखात्याने वनरक्षकांसाठी जंगलात निवासस्थाने बांधली. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पातही कार्यकर्ते प्रकल्पाच्या आवारातच राहत आले. माणूस टिकायचा असेल तर त्याच्या निवाऱ्याची सोय आधी करावी लागते, असा याचा अर्थ आहे.

निष्कर्ष :
घरभाडे भत्ता हे बाजारपेठ असलेल्या ठिकाणचे साधन आहे. ती जेथे नाही तेथे घर प्रत्यक्ष पुरविणे, हाच खरा पर्याय ठरतो. शाळा, उपकेंद्र व ग्रामपंचायत यांच्या आवारात निवासस्थाने बांधणे, किंवा ग्रामपंचायतीने खोल्या बांधून त्या कर्मचाऱ्यांना भाड्याने देणे, असे मार्ग विचारात घेता येतील. दुसऱ्या मार्गाने भाड्याचा पैसा गावातच राहील. मुख्यालयी राहण्याची सक्ती अशी सोय झाल्यानंतरच न्याय्य ठरेल.

मात्र कोणत्या गावी किती घरे राहण्याजोगी आहेत, याची गावनिहाय नोंद प्रथम हवी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशाच गावांत भरतात. प्राध्यापकांनी मनावर घेतल्यास ही नोंद त्यांतूनच सिद्ध होऊ शकेल.