खिशातला भूकंपमापक

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे, औंढा तालुक्यातलं पिंपळदरी आणि आजूबाजूच्या कैक गावांना एक अनुभव आता नवा राहिलेला नाही. जमिनीखालून गुडगुडल्यासारखा आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात आणि माणसं घराबाहेर पडतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं. २०२४ साली मात्र २१ मार्चला सकाळी सहानंतर ४.५ तीव्रतेचा आणि काही मिनिटांतच ३.६ चा धक्का बसला, मग १० जुलैला पुन्हा ४.५ चा. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवणारी पिढी मराठवाड्यात अजून आहे, त्यामुळे असल्या सकाळी कुणी घरात थांबत नाही.

बातम्यांमध्ये या आवाजाला हटकून 'गूढ' म्हणतात. त्यात गूढ फारसं नाही. भूकंपाची पहिली लहर आवाजासारखीच असते, दाबत-ताणत पुढे सरकणारी. धक्का उथळ असला आणि वर कडक काळा पाषाण असला, तर तिच्यातली जलद कंपनं वाटेत न विरता पृष्ठभागापर्यंत येतात, हवेत शिरतात आणि कानाला ऐकू येतात. जमीन खरोखर बोलते, पण ती भौतिकशास्त्र बोलते.

हे बोलणं टिपणारं यंत्र आज बहुतेकांच्या खिशात आहे. आडवा केला की फोनचा पडदा फिरतो, चाललो की पावलं मोजली जातात. दोन्ही करामती एका इवल्या चिपच्या. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की तो किंचित मागे राहतो आणि ते मागे राहणं विजेच्या संकेतात मोजलं जातं. भूकंपमापकाचं तत्त्व हेच.

गुगलने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भारतात सुरू केलेली अँड्रॉइडवरची भूकंपसूचना याच चिपवर चालते. चार्जिंगला लावून टेबलावर स्वस्थ पडलेले अनेक फोन एकाच वेळी थरथरले की ती खबर सर्व्हरकडे जाते, आणि जमिनीतल्या लहरीपेक्षा इंटरनेट कितीतरी वेगवान असल्यामुळे लांबच्या फोनना काही सेकंद आधी इशारा मिळतो. केंद्रबिंदूजवळच्या गावाला तो वेळेत मिळत नाही, आणि साधारण ४.५ च्या खालच्या धक्क्यांना इशारा नसतोच. म्हणजे पांगरा शिंद्याला याचा उपयोग कमी, हिंगोली शहराला थोडा अधिक. तरी सेटिंग्जमधल्या सुरक्षितता किंवा लोकेशनच्या विभागात जाऊन ही सूचना चालू आहे ना, एवढं पाहून ठेवावं. धक्का जाणवला तर व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करण्याआधी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर तो नोंदवावा. कुठे किती जाणवलं, हे माणसांनी सांगितल्याशिवाय कळत नाही.

या चिपचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल, तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप घ्या. फोन टेबलावर ठेवून कोपऱ्यावर टिचकी मारली की आलेखावर डोंगर उठतो. उताणं पडून फोन छातीवर ठेवला आणि श्वास रोखला, तर ठोके दिसतात. मुलं एकदा यात गुंतली की फोन परत मिळत नाही, हा धोका आहे.

फोन आणि आवाज यांच्या या हिशेबात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठीही एक कामाची गोष्ट आहे. पहाटे मैदानावर १०० मीटरची वेळ घेताना सुरुवातीच्या रेषेवरून एकजण टाळी वाजवतो आणि शेवटच्या रेषेवरचा मित्र ती ऐकून स्टॉपवॉच दाबतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे टाळी पोचायलाच जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं, वेळ तेवढी कमी दिसते आणि धावणारा खूश होतो. खऱ्या भरतीत ती खुशी उतरते. टाळीऐवजी हात खाली आणा आणि तो डोळ्यांनी पाहून बटण दाबा. १६०० किंवा ८०० मीटरसाठी फोनमधल्या जीपीएसवरही विसंबू नका. मोकळ्या आभाळाखालीही त्याची जागा पाचेक मीटरने चुकू शकते आणि वळणावर ते कोपरे कापतं. मैदान टेपने मोजणं अजूनही उत्तम.

त्याच जीपीएसची एक बाजू मात्र थेट औंढा तालुक्याशी जोडलेली आहे. उपग्रहांवरची घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइनस्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे ती दुरुस्ती केली नाही, तर नकाशा एका दिवसात दहाएक किलोमीटरने चुकेल. त्याच सिद्धांतातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी दुधाळा इथे 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आत निर्वात नळ्या, टोकांना चाळीस किलोचे टांगलेले आरसे. लहर आली की भुजांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाइतकी बदलते, आणि लेझरने ती मोजायची.

मग धक्के बसणाऱ्या जिल्ह्यातच ही वेधशाळा का, असं चहाच्या टपरीवर विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. असल्या यंत्राला खरा जाच असतो तो अखंड कुरबुरीचा : रेल्वे, महामार्ग, कारखाने, समुद्राच्या लाटा. दुधाळ्याचा माळ सपाट आहे आणि त्या सगळ्यांपासून दूर आहे. अधूनमधून येणारा धक्का मोजणी थोडा वेळ थांबवतो, पण तो ओळखता येतो. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळा जगभरचे भूकंप सोसतच काम करतात. तिथे २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर सापडली, पण केवळ दोन ठिकाणांहून ती आभाळाच्या नेमक्या कोणत्या दिशेने आली, हे नीट सांगता आलं नाही. इटली आणि जपानमधल्या वेधशाळांनंतर भारताचा बिंदू इतका वेगळ्या जागी पडतो, की दिशा बरीच पक्की होईल. हे २०३० च्या आसपास.

तोवर रविवारची सहल औंढा नागनाथच्या देवळाचीच ठरवावी. खालचं यादवकालीन काळं शिल्पकाम आणि वरची नंतरची विटा-चुन्याची बांधणी शांतपणे पाहावी. फोटो काढायचे तर सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेरून, आणि आत परवानगी विचारून. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं आणि म्हणून नंदी मागे राहिला, ही कथा इथे सगळेच सांगतात. फोनच्या होकायंत्राने ती तपासायला जाऊ नये, कथा त्यासाठी नसतात. दिशा पाहायचीच असेल, तर काळ्या पाषाणातलं चुंबकीय खनिज, रांगेचे लोखंडी कठडे आणि फोनच्या कव्हरचं चुंबकी बटण या तिघांपासून दूर, आवारातल्या मोकळ्या जागी उभं राहावं आणि आधी फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून घ्यावा.