जोड कोण लावतंय?

आमच्या घरात बॉक्सिंगचं वेड काकांनी आणलं. काका तरुणपणी बेळगावात तालमीत मेहनत करायचे, आसपासच्या गावांच्या जत्रांत कुस्त्या करायचे. पुढे गुडघा गेला, तालीम सुटली. पण दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की त्यांची नजर अजूनही हलत नाही. टायसन, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस ही नावं मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली. अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. त्यामुळे आमच्या घरी रविवारचे पोहे आणि बॉक्सिंग हे बरोबरच असायचं.

३ मे २०१५ चा रविवार मला चांगला आठवतो. फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाव. लास व्हेगासमध्ये २ मेची रात्र होती. मी इंजिनिअरिंगला असताना, २००९ च्या शेवटी, या लढतीच्या बोलण्या पहिल्यांदा सुरू झाल्या. मार्च २०१० ची तारीखही चर्चेत होती. मग रक्ताच्या चाचण्यांवरून बिनसलं. पुढे पैशांची वाटणी, प्रमोटरांची जुनी भांडणं, दोघांचे वेगवेगळे टीव्ही चॅनेल असं एकेक निघत गेलं. दरम्यान माझं बीई झालं, नोकरी लागली. डिसेंबर २०१२ मध्ये पॅकियाव मार्केझच्या एका ठोशात बेशुद्ध पडला. शेवटी लढत झाली तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाव ३६ वर्षांचा होता.

बारा राउंड झाले. मेवेदरने हुशारीने अंतर राखलं, पंचांनी एकमताने त्याला विजयी ठरवलं. नंतर कळलं की पॅकियावचा उजवा खांदा आधीपासूनच दुखावलेला होता. अमेरिकेत ही लढत घरी एचडीमध्ये बघायला जवळजवळ १०० डॉलर पडत होते आणि सुमारे ४६ लाख घरांनी ती विकत घेतली होती. चिडलेले प्रेक्षक खांद्याच्या मुद्द्यावर कोर्टात गेले. ते दावे फेटाळले गेले आणि २०१९ मध्ये अपील कोर्टानेही तोच निर्णय कायम ठेवला. लढत नियमाप्रमाणे झाली, तुम्ही ती पाहिली. ती रंगली नाही ही काही कायद्याची तक्रार होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

आम्हाला केबलवर दिसली, त्यामुळे आमचे पैसे गेले नाहीत. पण काका गप्प होते. पोह्यांची ताटली बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यांच्यात जोड कोण लावतंय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "आमच्यात गावच्या कमिटीत चार जुने वस्ताद बसतात. ह्याला हा तोडीचा, असं बघून जोड लावतात. पाच वर्षं टाळाटाळ केली असती तर पब्लिकनं हुर्यो करून मैदानातनं घालवलं असतं." त्यानंतर रविवारी मी हाक मारली की ते म्हणायचे, "तू बघ. मला उठवू नको."

तेव्हापासून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधतो आहे. जे सापडलं ते इथे मांडतो.

हरणं परवडत नाही

टेनिसमध्ये कोण कुणाशी खेळणार हे स्पर्धेचा ड्रॉ ठरवतो. क्रिकेटमध्ये वेळापत्रक बोर्ड ठरवतात. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं वेळापत्रकच नसतं. बहुतेक मोठे बॉक्सर कुठल्यातरी प्रमोटरशी करारबद्ध असतात. लढत ठरवायची म्हणजे दोन प्रमोटरांनी मिळून एका रात्रीपुरता भागीदारीचा धंदा करायचा. तिकिटं, प्रक्षेपण, वाटणी आणि हरलो तर पुन्हा लढायची अट, सगळं नव्याने ठरतं.

आता प्रमोटरच्या जागी बसून पाहा. तुमच्याकडे एक अपराजित बॉक्सर आहे. मेवेदर त्या रात्री ४७ लढती, ४७ विजय घेऊन उतरला होता. तो शून्य पराभवांचा आकडा हेच तुमचं भांडवल. सोप्या प्रतिस्पर्ध्याशी लढवलं तर थोडे पैसे मिळतात आणि भांडवल शाबूत राहतं. तोडीच्या माणसाशी लढवलं तर खूप पैसे मिळतात, पण भांडवल एका रात्रीत बुडू शकतं. मग मोठी लढत पुढे ढकलत राहायची. लोकांची भूक वाढते आणि आपल्या माणसाचे सोपे विजयही वाढतात. या धंद्यात याला मॅरिनेट करणं म्हणतात. आपण म्हणू, लोणचं मुरवत ठेवणं. फक्त इथे मुरतात ती माणसाची वर्षं. बॉक्सरची ऐन उमेदीची वर्षं थोडी असतात आणि डोक्यावर बसलेले ठोसे परत जात नाहीत.

टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स हे २०१८ पासून एकाच वजनी गटातले चॅम्पियन. दोघेही अपराजित. लढत झाली जुलै २०२३ मध्ये. क्रॉफर्डने नवव्या राउंडमध्ये ती संपवली. लढत उत्तम होती, पण पाच वर्षं उशिरा. टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ या दोन ब्रिटिश हेवीवेटची लढत २०२१ मध्ये ठरल्याचं जाहीर झालं. पण डिऑन्टे वाइल्डरला तिसरी लढत देणं फ्युरीवर बंधनकारक आहे असा लवादाचा निकाल आला आणि ती मोडली. जाहीर करायच्या आधी जुना करार कुणी नीट वाचला नव्हता का, असा प्रश्न माझ्यासारख्या कोड रिव्ह्यू करणाऱ्या माणसाला पडतोच.

चार मालक, एक गदा

दुसरा घोळ बेल्टचा. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संस्था आपापला जगज्जेता जाहीर करतात. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी, नियम वेगळे. डब्ल्यूबीएने तर एकाच वजनात सुपर चॅम्पियन आणि रेग्युलर चॅम्पियन असे दोन-दोन नेमले. कारण सरळ आहे. बेल्टसाठी लढत झाली की बॉक्सरच्या मानधनातून संस्थेला फी मिळते. बेल्ट जास्त तर फी जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच डेटाच्या चार प्रती आहेत आणि अस्सल कुठली ते सांगणारं कुणी नाही.

क्रमवारीत वर यायचं कसं, हाही संशयाचा विषय. आयबीएफचे संस्थापक रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्यावरून अमेरिकेत खटला चालला. २००० साली ज्यूरीने त्यांना मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीच्या आरोपांत दोषी ठरवलं. इतर बरेच आरोप सिद्ध झाले नाहीत.

बॉक्सरचं काय होतं? माइक टायसनने १९९८ मध्ये आपले प्रमोटर डॉन किंग यांच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला. २००४ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर मिटला. २००० साली अमेरिकेने मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला. प्रमोटरने बॉक्सरचा मॅनेजर व्हायचं नाही आणि लढतीतून आपण किती कमावतो ते बॉक्सरला सांगायचं, अशा त्यातल्या तरतुदी. कायदा चांगला आहे, पण तो अमेरिकेपुरता आणि अंमलबजावणी ढिली.

आपल्याकडे ही बेल्टची भाषा घरोघरी पोचली ती विजेंदर सिंगमुळे. बीजिंग ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलेला विजेंदर २०१५ मध्ये प्रोफेशनल झाला. २०१६ मध्ये दिल्लीत त्याने डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक आणि २०१७ मध्ये मुंबईत वरळीला डब्ल्यूबीओ ओरिएंटल बेल्ट जिंकला. आमच्या ऑफिसात लोकांनी "वर्ल्ड चॅम्पियन" म्हणून पेढे मागितले. ते प्रादेशिक बेल्ट आहेत, हे समजावताना मीच खलनायक ठरलो. १२ लढती, १२ विजय अशी त्याची कारकीर्द मार्च २०२१ मध्ये गोव्यात पणजीला पोचली. कॅसिनोच्या जहाजाच्या छतावर रिंग बांधली होती. तिथे रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या राउंडमध्ये त्याला थांबवलं. त्यात विजेंदरची लाज काहीच नाही. पण हरण्यापूर्वीच्या बारा जणांपैकी किती नावं आपल्याला आठवतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावं. मला तीन आठवली.

मग उपाय काय?

यूएफसीकडे बघा, असं माझे तरुण मित्र म्हणतात. तिथे कंपनी एकच, त्यामुळे लढती पटापट ठरतात. खरं आहे. पण मालक एकच असला की खेळाडूला दुसरं दार उरत नाही. कमी मानधनाच्या तक्रारीवरून फायटर्सनी लावलेला एक मोठा दावा यूएफसीच्या कंपनीने ३७.५ कोटी डॉलर मोजून मिटवला. प्रेक्षक खूश, पण खेळाडूच्या खिशातून.

दुसरा उपाय सौदी पैशाचा. वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं न बघणारे एडी हर्न आणि फ्रँक वॉरन हे ब्रिटिश प्रमोटर जून २०२४ मध्ये रियाधला एकाच कार्यक्रमात आपापले पाच-पाच बॉक्सर घेऊन समोरासमोर आले. म्हणजे "शक्य नाही" म्हणत होते ते शक्य होतंच, फक्त किंमत ठरायची होती. पण एका माणसाच्या चेकबुकवर चालणारा खेळ ते चेकबुक मिटलं की काय करणार?

त्याच पैशामुळे १८ मे २०२४ च्या रात्री रियाधमध्ये फ्युरी आणि युक्रेनचा उसिक समोरासमोर आले. लेनॉक्स लुईसने १९९९ मध्ये होलीफिल्डला हरवून तेव्हाचे तीन प्रमुख बेल्ट एकत्र केले होते. त्यानंतर हेवीवेटचे सगळे बेल्ट पहिल्यांदाच एका माणसाकडे जाणार होते. आपल्याकडे रविवारची पहाट. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी काकांच्या खोलीचं दार वाजवलं. "काका, उठा. जोड तोडीची लागलीय."

उठले. मफलर गुंडाळून बसले. नवव्या राउंडमध्ये फ्युरी दोरांवर आदळत झोकांड्या खाऊ लागला तेव्हा त्यांनी माझी मांडी इतकी दाबली की दोन दिवस दुखत होती. उसिक जिंकला. काका म्हणाले, "आता कसं, एक गडी, एक गदा."

महिना-सव्वा महिन्यात आयबीएफचा बेल्ट उसिकने सोडल्याची बातमी आली. नियमाप्रमाणे त्या संस्थेच्या पहिल्या दावेदाराशी लढायला हवं होतं, पण फ्युरीशी दुसरी लढत आधीच ठरलेली. बेल्ट डॅनियल डुबॉइसकडे गेला. मी काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. "न हरता गदा गेली? असं आमच्यात होत नाही."

मी म्हटलं, "काका, नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी किती झाले?"

ते गप्प झाले. दोन झाले होते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एक स्पर्धा पुण्याजवळ फुलगावला, दुसरी धाराशिवला. संघटना दोन, म्हणून गदाही दोन. पैलवानांनी वर्षभर तीच मेहनत केली होती, तेच दूध-बदाम खाल्ले होते.

काका बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे रोग तोच आहे. जोड लावणाऱ्यानं पैलवानाकडं न बघता स्वतःकडं बघितलं की झालं."

काकांच्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दहा वर्षांत सापडलं नव्हतं.

मी बॉक्सिंग बघणं सोडलेलं नाही. एक सवय मात्र लावून घेतली आहे. पोस्टरवर शून्य पराभव दिसले की मी आधी हरलेल्यांची यादी बघतो. नावं ओळखीची नसतील तर पैसे भरत नाही. माझ्या पाचशे रुपयांनी कुठला प्रमोटर हलणार नाही. पण जोड तोडीची आहे का, हे विचारायचा हक्क मैदानाच्या कडेला मातीत बसलेल्या माणसालाही असतो, हे काकांनी शिकवलंय.

आणि तोडीची असली की दार वाजवतो. आता ते पहिल्या हाकेला उठतात.