बावीस वह्या, दोन शहरं

दिवाळीनंतरच्या साफसफाईत कपाटातल्या सगळ्या स्केचच्या वह्या काढल्या आणि तारखेनं लावल्या. बावीस भरल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर अमरावतीचं जवाहर गेट आहे. खाली तारीख आहे 12 नोव्हेंबर 2017, रविवार. शेवटच्या वहीतही तेच गेट आहे, 9 नोव्हेंबर 2025 चं. दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसले.

पहिल्या चित्रात फक्त कमान आहे. नीट मापात काढलेली, दगडांचे थर मोजून घातलेले, वर निळं आभाळ. त्या दिवशी तिथं जे होतं त्यातलं बहुतेक सगळं मी गाळलं होतं. कमानीवरून गेलेल्या विजेच्या तारा, केळ्यांची गाडी, फ्लेक्स, उभ्या असलेल्या ऑटोरिक्षा, काहीच नाही. जणू दोनशे वर्षांपूर्वीचं गेट. शेवटच्या चित्रात तारा आधी आल्या आहेत आणि कमान त्यांच्या मागे आहे. मधल्या आठ वर्षांत आमचा चित्र काढणाऱ्यांचा गट काय शिकला, असं कुणी विचारलं तर मी ही दोन पानं दाखवीन.

सुरुवात चौघांची होती. एक चित्रकला शिक्षक, एक औषध दुकानदार, इंजिनिअरिंगची एक मुलगी आणि बँकेत नोकरी करणारी मी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या, पण दहावीनंतर ब्रश सुटलेल्या माणसांची आपल्याकडे काही कमी नाही; शिक्षक सोडले तर आम्ही त्यातलेच. मिलिंद मुळीक यांची जलरंगाची पुस्तकं प्रत्येकाच्या घरी होती. बाहेर बसून चित्र काढायचं धाडस मात्र एकट्यानं होत नव्हतं.

असं गटानं बाहेर बसून काढणं जगभर चालतं, हे त्या मुलीनं सांगितलं. सिएटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या वृत्तपत्रातल्या चित्रकारानं 2007 साली इंटरनेटवर एक गट सुरू केला, त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ उभी राहिली आणि 2010 साली पोर्टलंडला तिचं पहिलं संमेलन झालं. तिचे नियम साधे आहेत. जागेवर बसून काढायचं, समोर दिसतं तेच काढायचं, साधन कुठलंही चालेल, एकत्र बसायचं आणि एकमेकांना धरून राहायचं. आमच्या गटाला आम्ही कधी नाव दिलं नाही. दर रविवारी भेटायचं, चित्र संपलं की वह्या जमिनीवर ओळीनं मांडायच्या, मग गिलावडा खायचा. एवढाच आमचा रिवाज.

पहिलं वर्ष आम्ही परकोटावरच घालवलं. पेंढाऱ्यांपासून पेठेतल्या व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या सरकारनं 1807 साली ही भिंत बांधायला घेतली. तिचा घेर सव्वादोन मैलांचा. पाच दरवाजे आणि चार छोटी दारं, म्हणजे खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो. पण भिंत कुठून कुठे जाते हे मला ती काढायला बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. ती घरांच्या मागून जाते. कुठे कुणाच्या न्हाणीची भिंत झालेली, कुठे तिच्यावर पिंपळ वाढलेला. खुनारी खिडकीचं नाव लहानपणापासून ऐकत होते. 1818 सालच्या दंग्यात तिथं सातशे माणसं मारली गेली, त्यावरून ते पडलं असं जुनं गॅझेटियर सांगतं. तिथं बसून दोन तास रेघा मारल्यावर ते वाक्य नुसतं वाचल्यासारखं राहत नाही.

इथल्या उन्हाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण पुस्तकात वाचलेलं तंत्र वऱ्हाडात चालत नाही. आभाळाचा वॉश घ्यायला ब्रश कागदाच्या एका टोकाला टेकवावा, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कडक कड उमटलेली असते. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पॅलेटमधला रंगही मिनिटाभरात चामड्यासारखा होतो. पहिले दोन उन्हाळे आम्ही कागद वाया घालवले. मग एकेक उपाय सापडत गेला. साडेसहाला बसायचं आणि साडेआठला उठायचं. कागद मागून ओला करून प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवायचा. मोठे वॉश सोडून द्यायचे, पेनानं सगळं बांधायचं आणि रंग फक्त सावलीला द्यायचा. यातून आमची एक पद्धतच झाली. आमच्या चित्रांत आभाळ बहुतेक कोरा कागदच असतं, आणि वऱ्हाडातलं मे महिन्यातलं आभाळ दिसतंही तसंच, पांढरं. काळ्या दगडाला आम्ही काळा रंग लावत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून घेतो. सकाळी त्यात निळा जास्त आणि ऊन चढलं की तांबडा.

रस्त्यात वही उघडून बसलं की लोक येतातच. पहिला प्रश्न ठरलेला: “काय भाऊ, मोजणी चालू हाय काय? रस्ता रुंद करून राह्यले का?” वही, पेन आणि इमारतीकडे रोखलेली नजर म्हणजे अतिक्रमणवाले, हा समज गाडीवाल्यांत पक्का आहे, आणि त्यामागची भीती खरी आहे. म्हणून आम्ही आधी चित्र दाखवतो, मग बसतो. इतवाऱ्यात एका भाजीवाल्या मावशींनी माझं पान निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “माही गाडी काढली, वांगे काढले, अन् मले नाही काढलं बाप्पा!” खरंच होतं. मला माणसं जमत नाहीत म्हणून मी टाळत होते. त्या दिवसापासून प्रत्येक चित्रात एक तरी माणूस, असा नियम मी स्वतःला घातला. मावशींना पुढच्या रविवारी काढलं आणि ते पान त्यांनाच दिलं.

बायकांच्या दृष्टीनं या छंदाचं मोल वेगळं आहे. आमच्या गावात बाई बाजारात जाते, देवळात जाते, कामाला जाते. पण काही काम नसताना चौकात दोन तास बसून राहण्याची सोय तिला नाही. पुरुष पानठेल्यावर अर्धा दिवस काढू शकतो. गटानं जायला लागलो तेव्हा ती जागा आम्हाला मिळाली. आज आमच्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत आणि त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या आहेत. मला स्वतःला याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

अकोल्याशी जोड झाली 2018 साली. तिथले पाच-सहा जण आमच्यासारखेच बसत होते. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार त्यांच्याकडे नाहीतर आमच्याकडे. बडनेऱ्याहून गाडीनं जायचं, कारण रस्त्याची तेव्हा दैना होती. पुढे जून 2022 मध्ये त्याच महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. आम्ही मात्र अजून गाडीनंच जातो. खिडकीतून छोटी वही भरते.

अकोल्यात असदगडाचे बुरूज आणि खाली मोर्णा नदी, ही आमची कायमची जागा. औरंगजेबाच्या काळात असदखानानं 1697 साली बांधवून घेतलेला हा किल्ला वस्तीनं असा वेढला आहे की तो पूर्ण दिसावा अशी जागाच नाही. तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. अकोल्याच्या मंडळींनी आम्हाला वेग शिकवला तो कावड यात्रेत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन सुमारे 18 किलोमीटर चालत कावडी राजराजेश्वराला येतात. पाण्याच्या शेकडो भरण्यांची एकेक कावड खांद्यावर हलत जाते, ती समोरून जायला मिनिटही लागत नाही. तेवढ्यात काय टिपायचं? मी पहिल्या वर्षी भरणे मोजत बसले आणि कावड निघून गेली. तिथल्या एका जुन्या चित्रकारानं सांगितलं, “ताई, आधी वाकलेला बांबू काढा, माणसं त्याखाली आपोआप येतात.” तसंच झालं.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही खिडकीतून दिसेल ते काढलं. फेब्रुवारी 2021 मध्ये बाकी राज्याच्या आधी अमरावती नि अचलपूर पुन्हा बंद झालं, तेव्हा मात्र हात चालला नाही. त्या दोन महिन्यांची वही कोरी आहे आणि ती तशीच ठेवली आहे.

नंतर माणसं वाढली आणि एक वादही आला. फोटो काढून घरी एसीत बसून रंगवायचं, मग ऑनलाइन टाकायचं, असं काहींनी सुरू केलं. चित्रं जास्त सफाईदार दिसत होती. मी विरोधात होते आणि आजही आहे. अचलपूरच्या शकुंतला रेल्वेच्या स्टेशनवर, ती गाडी बंद झाल्यावर, बसलो होतो. फोटोत ते एक पडकं स्टेशन दिसतं. तिथं दोन तास बसल्यावर रुळांतलं गवत, शेळ्या, आणि अजून सवयीनं फलाटावर येऊन टेकणारे एक आजोबा दिसले. फोटोवरून काम करणारे काहीजण वेगळे झाले. त्याचं वाईट वाटतं, पण नियम आम्ही सोडला नाही.

शेवटी एका वाड्याबद्दल. बुधवाऱ्याकडचा, सागाच्या खांबांचा. 2019 साली त्या घरच्या आजींनी आम्हाला चौकात बसू दिलं होतं. 2023 मध्ये तो पाडला. आता तिथं फ्लॅट आहेत. मी चित्राची रंगीत प्रत घेऊन आजींना भेटायला गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि ओसरीच्या खांबावर बोट ठेवलं. “इथं कंदिलाची खुंटी होती. तू नाही काढली.” मी आठवायचा प्रयत्न केला. खुंटी होती की नव्हती, मला सांगता येईना, आणि जाऊन बघायला आता खांबच नाही. मूळ चित्रात मी खुंटी घातली नाही. पाहिलेलं नाही ते काढायचं नाही. खाली आजींचं वाक्य तारखेसह लिहून ठेवलं.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या, बाळापूर-अचलपूर-मूर्तिजापुरातल्या वाचकांना एकच विनंती. तुमचा जुना वाडा, दुकान, जिनिंग पाडायचं ठरलं असेल तर जरूर पाडा, तो तुमचा व्यवहार आहे. पण त्याआधीचा एक रविवार तुमच्या गावातल्या चित्र काढणाऱ्यांना द्या. सकाळी साडेसहा ते साडेआठ, चौकात बसायला जागा आणि प्यायला पाणी. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याजवळ बसवा, म्हणजे खुंटी राहणार नाही.