हिरवा ठिपका

पिल्लू जेमतेम दीड महिन्याचं. सोसायटीच्या जिन्याखाली सापडलं तेव्हा सारखं शिंकत होतं आणि उजवा डोळा चिपडांनी पार चिकटला होता. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं सोडवली, तर आत अर्ध्या डोळ्यावर पांढरट पडदा. "फूल पडलं गं बाई," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि घरात उरलेली ड्रॉप्सची बाटली घेऊन आल्या. मी बाटलीचा फोटो काढून घेतला, पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

"हे फूल नाही, तिसरी पापणी आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मांजराला नाकाकडच्या कोपऱ्यात आणखी एक पापणी असते. एरवी ती दिसत नाही. डोळा दुखू लागला की बुबुळ आत ओढलं जातं आणि ती आपोआप त्याच्यावर सरकते.

मग त्यांनी फ्लुरेसिनची केशरी टोकाची कागदी पट्टी काढली, सलाइनच्या थेंबाने ओली केली, पापणीच्या आत हलकेच टेकवली. जादा रंग धुतला, दिवा मालवला आणि निळ्या प्रकाशाची बॅटरी डोळ्यावर धरली. अंधारात मोहरीएवढा हिरवा ठिपका लखलखला. तीच जखम. डोळ्याच्या काचेसारख्या पटलावरचा वरचा थर शाबूत असेल तर हा रंग धरत नाही; तो खरचटला असेल तर खालचा थर रंग पितो. क्षणभराने उजव्या नाकपुडीतही हिरवा थेंब उतरला. मॅडम म्हणाल्या, "छान, अश्रूंची नळी मोकळी आहे."

कारण बहुधा हर्पिस विषाणू. मांजरांच्या डोळ्यांवरच्या अशा जखमांमागे बरेचदा तोच असतो. माणसाला तो लागत नाही, पण मांजराच्या मज्जातंतूंत जन्मभर दबा धरून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

मी फोटो दाखवला. मॅडमनी तो मोठा करून औषधाचं नाव वाचलं. "स्टेरॉइड आहे यात. जखमेवर हे पडलं असतं तर ती भरायची सोडून खोल गेली असती. पटल फुटून डोळाही जाऊ शकतो." बाहेरून लाल, चिकट दिसणारे दोन डोळे सारखेच वाटतात, एकाला चालणारं औषध दुसऱ्याचा घात करतं. म्हणून आधी पट्टी, मग बाटली.

त्यांनी अँटिबायोटिकचे थेंब दिले, पंजा डोळ्याला लागू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली. दर वेळी काकू पिल्लाला मांडीवर घट्ट धरायच्या, मी थेंब सोडायचे.

सातव्या दिवशी पुन्हा पट्टी, पुन्हा अंधार. हिरवं कुठेच नाही. पडदा कोपऱ्यात परतलेला आणि अंधारात मोठी गोल झालेली बाहुली दिवा लागताच मिटत मिटत उभी चीर झाली, डाव्या डोळ्यासारखीच.

काकू या खेपेला सोबत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही डोळे निरखून पाहिले आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा ती बाटली कचऱ्यात टाकली.