व्यायामशाळेची निगा आणि कायदेशीर जबाबदारी
व्यायामशाळा उभारली की कार्य संपले, असा समज आढळतो. वस्तुतः खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते. आखाड्यातील माती नित्य खणून भुसभुशीत ठेवावी. पुरलेल्या मल्लखांबाला बुंध्याशी वाळवी लागली आहे काय, टांगत्या मल्लखांबाची साखळी व कड्या झिजल्या आहेत काय, हे पाहून नोंदवहीत तारीखवार लिहावे. सदोष साधन दुरुस्तीपर्यंत बंद ठेवावे.

‘स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करावा’ एवढा फलक लावल्याने निष्काळजीपणाचा दोष टळत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. म्हणून १८ वर्षांखालील मुलाने लिहून दिलेली हमी मंडळाच्या उपयोगी पडत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १०६ अन्वये शिक्षा होऊ शकते.

नोंदवही हा घेतलेल्या काळजीचा पुरावा होय. मात्र ती तपासणीनंतरच भरली जावी.