परसांतल्या कोंबड्या

श्रोतेहो, प्राथमिक शाळेंत ३७ वर्षें मुलें शिकवून मी घरीं बसलों, त्याला आतां आठ वर्षें झालीं. सेवानिवृत्त मनुष्य एक तर देवळाच्या कट्ट्यावर बसतो, नाहीं तर घरांतल्या कामांत लुडबूड करूं लागतो. मीं दुसरा मार्ग पत्करला. आमच्या परसांत कोंबड्या पूर्वींपासूनच होत्या. पण त्या आमच्या मंडळींच्या, माझ्या नव्हत्या. ताटांत अंडें आलें म्हणजे खावें, एवढाच माझा त्यांच्याशीं संबंध. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यांत मंडळींनीं खुराडें उघडण्याचें काम माझ्याकडे सोपविलें, आणि हळूहळू तें सर्व खातेंच माझ्या गळ्यांत पडलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहें, पशुवैद्य नव्हे. तेव्हां रोज हातानें जें करतों आणि ज्याची जाणत्यांकडे चौकशी करून खात्री करून घेतली आहे, तेवढेंच आज सांगणार आहें.

खुराडें उघडण्याची वेळ उजाडल्यानंतरची. कोंबडा पहाटे चारपासून ओरडतो म्हणून घाई करूं नये. कोंबडीला अंधारांत जवळजवळ कांहींच दिसत नाहीं, आणि रानमांजर व ऊदमांजर यांना त्याच वेळीं उत्तम दिसतें. दार उघडलें कीं प्रथम हजेरी घ्यावी. ही माझी जुनी संवय येथें फार उपयोगी पडली. कोण उडी मारून बाहेर आली, कोण रेंगाळली, कोण पिसें फुलवून कोंपऱ्यांत उभी राहिली, हें त्या दोन मिनिटांत जेवढें कळतें तेवढें पुढें दिवसभरांत कळत नाहीं. मग खालची विष्ठा पहावी. निरोगी कोंबडीची विष्ठा घट्ट, काळपट, वर पांढरा ठिपका असलेली असते. हिरवी पातळ दिसली किंवा तींत रक्त दिसलें, तर ती कोंबडी तत्काळ वेगळी करावी. हें वर्णन कोणाला ओंगळ वाटेल. पण ज्याला याची किळस येते त्यानें कोंबड्या पाळूं नयेत.

नंतरचें काम आमच्या मंडळींचें. त्या एकेक कोंबडी काखेंत धरून बोटानें चाचपतात आणि हिला आज अंडें आहे, हिला नाहीं, असें सांगतात. जिला आहे ती डालग्याखालीं राहते, म्हणजे शेजाऱ्याच्या गंजींत अंडें घालून येत नाहीं. ही विद्या मला अद्याप साधलेली नाहीं. मात्र त्यामागचें कारण मीं समजून घेतलें. एक अंडें तयार व्हायला सुमारें २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतला बहुतेक वेळ कवच चढण्यांत जातो. म्हणूनच आज सकाळीं नऊला घातलें तर उद्यां जरा उशिरां, परवां आणखी उशिरां, आणि मग एखादा दिवस खाडा. येथेंच एक गैरसमज दूर करतों. अंडें घालण्यास कोंबड्याची गरज नसते. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडें घालतेच; फक्त त्यांतून पिलूं निघत नाहीं. पिलें हवीं असतील तर आठदहा कोंबड्यांमागें एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले तर दिवसभर मारामाऱ्या.

खाण्याविषयीं फार सांगण्याची जरूर नाहीं. परसांत फिरणारी कोंबडी निम्मेंअधिक पोट स्वतःच भरते : गवताचे कोंवळे शेंडे, किडे, गांडुळें, शेणांतल्या अळ्या. वाळवी लागलेला लांकडाचा तुकडा तिच्यापुढें टाकला म्हणजे पिलांची तर दिवाळीच. सकाळीं व संध्याकाळीं मूठ मूठ कणी किंवा ज्वारी, मधून कोंडा भिजवून, एवढें आम्ही घालतों. दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. कोंबडीला दांत नाहींत. तिचें धान्य पोटांतल्या एका जाड स्नायूच्या पिशवींत दळलें जातें, जिला खाणारे लोक पेटा म्हणतात, आणि त्या जात्याचे दगड म्हणजे तिनें गिळलेले बारीक खडे. फरसबंद अंगणांत कोंडून ठेवलेल्या कोंबडीला हे खडे मिळत नाहींत, ते आपण द्यावे लागतात. दुसरी गोष्ट चुन्याची. अंड्याचें कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. तो अन्नांतून मिळाला नाहीं तर कोंबडी आपल्या हाडांतला काढून देते, आणि तोही कमी पडला म्हणजे कातड्यासारखें मऊ अंडें पडतें. शिंपल्यांचा चुरा एका करवंटींत भरून ठेवावा. लागेल तेवढा ती खाते. अंड्यांचीं टरफलें द्यायचीं असतील तर तव्यावर भाजून बारीक करून द्यावीं. अखंड टाकलीं तर तिला स्वतःचीं अंडीं फोडून खाण्याची खोड लागते, आणि ती खोड मग जात नाहीं.

खुराडें जमिनीपासून हातभर उंच, लांकडी पायांवर असावें. आंत दोनतीन बोटें जाडीचा दांडा आडवा बसवावा. जमिनीवर झोंपलेली कोंबडी ओल धरते. रोज राख पसरून झाडावें. ती विष्ठा लगेच झाडांच्या मुळाशीं घालूं नये, फार उष्ण असते, रोप करपतें. खतखड्ड्यांत कुजल्यावर तिच्यासारखें खत नाहीं. खुराड्याच्या फटींत तांबडे पिसू राहतात. दिवसा ते दिसत नाहींत. रात्रीं बाहेर येऊन रक्त पितात आणि पहाटे परत फटींत जातात. कोंबडी खुराड्यांत शिरायला नाखूष दिसली, तर रात्रीं विजेरी घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूला पहावें. सहा महिन्यांनीं फटी चुन्यानें भरून काढाव्या. कोंबड्यांचें स्वतःचें औषध म्हणजे धुळींत लोळणें. पावसाळ्यांत कोरडी धूळ मिळत नाहीं, म्हणून पडवींत एका घमेल्यांत चुलीची राख व माती ठेवावी.

आतां मला सर्वांत प्रिय असलेला भाग. कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडीं घालायचें थांबते, घरट्यांत ठाण मांडून बसते, हात घातला तर चोंच मारते आणि घसा खरवडल्यासारखा आवाज काढते. अशा कोंबडीला रवणाला बसवितात. अंडीं आठवड्याहून जुनीं नसावीं, तडा गेलेलीं नसावीं, आणि धुऊं नयेत. कवचावर एक सूक्ष्म लेप असतो, तो गेला कीं जंतूंना वाट मिळते. मध्यम आकाराच्या कोंबडीखालीं दहाबारा अंडीं पुरे. लोभानें पंधरा ठेवलीं कीं कडेचीं तीन गार पडतात, आणि कोंबडी तीं फिरवीत असल्यामुळें रोज वेगळीं तीन कडेला येतात! अशा रीतीनें लोभी माणसाचीं सगळींच बिघडतात. सातव्या रात्रीं प्रत्येक अंडें विजेरीपुढें धरून पहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा दिसल्या तर जीव धरला आहे. नुसतें स्वच्छ पिवळें दिसलें तर तें फोल. पहिल्यांदा मीं हें पाहिलें तेव्हां त्या रेषांच्या मध्यें एक टिंब लुकलुकत होतें. वर्गांत मी रक्ताभिसरण फळ्यावर काढून शिकवीत असें. खरें तें मीं वयाच्या साठीला पाहिलें.

कोंबडी दिवसांतून एकदां, पंधरावीस मिनिटांपुरती, खाण्यापिण्यासाठीं उठते. तेवढ्यांत अंडीं गार होत नाहींत, काळजी करूं नये. शेवटचे तीन दिवस तिला मुळींच हलवूं नये. एकविसाव्या दिवशीं आंतून टकटक ऐकूं येते. पिलाच्या चोंचीवर एक बारीक कठीण टोंक असतें, त्यानें तें कवच फोडतें. पुढें तें टोंक गळून पडतें. दया येऊन आपण कवच सोलूं लागलों तर बहुधा रक्त येतें आणि पिलूं मरतें. बाहेर आल्याबरोबर त्याला खायला घालण्याचीही गडबड नको, कारण अंड्यांतला शिल्लक बलक त्यानें पोटांत ओढून घेतलेला असतो आणि तो दिवसदीड दिवस पुरतो. पाणी मात्र उथळ बशींत, आंत खडे टाकून ठेवावें. नाहीं तर पिलूं त्यांत बुडतें. रवणाचा हंगाम दिवाळीनंतरचा. भर पावसांत काढलेलीं पिलें ओलीनें रक्ताची हगवण लागून जातात. पिलें नको असतां कोंबडी खुडूक झाली तर तिच्या नाकांत पीस खुपसण्याची चाल आमच्याकडे आहे. मला ती क्रूर वाटते. खालून वारा लागेल अशा पट्ट्यांच्या खोक्यांत तीनचार दिवस ठेवलें, दाणापाणी दिलें, कीं खुडूकपणा आपोआप मोडतो.

जातींविषयीं थोडेंच सांगतों. गांवठी कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडीं देते. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या सुधारलेल्या जाती याहून बऱ्याच अधिक देतात. पण त्या रवणाला सहसा बसत नाहींत, अंगानें जड असल्यानें घारीपासून पळतां येत नाहीं, आणि वरचें खाणेंही अधिक लागतें. झाबुआच्या कडकनाथचा बोलबाला २०१८ सालीं त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून फार वाढला. माझा कल गांवठीकडेच आहे. तिचे पिवळे पाय पाहिले कीं मला सह्याद्रींतल्या करड्या रानकोंबड्याची आठवण होते. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु पायांचा हा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला, असें शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें.

श्रोतेहो, एवढें जाणणाऱ्या माणसाच्या हातून जें घडलें तें सांगणें भाग आहे. २०१९ सालच्या उन्हाळ्यांत मीं आठवडेबाजारांतून एक देखणा तुर्रेबाज कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळीं आमच्या कोंबड्यांत सोडला. पांचव्या दिवशीं तो मान टाकून बसला. नंतर एकेकीला हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, पाय ओढणें. शेवटीं मान पिळल्यासारखी वळे आणि कोंबडी जागच्या जागीं फिरे. हीच मानमोडी. १९२६ सालीं जावा बेटांत आणि इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें हा रोग ओळखला गेला. पुढें कुमाऊंतील राणीखेत येथें आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला राणीखेत म्हणतात. हा विषाणूचा रोग. यावर औषध नाहीं. आमच्या २६ कोंबड्यांतल्या तीन उरल्या.

माझी हानि मी सोसली असती. पण आमच्या कुंपणापलीकडे एक विधवा बाई राहतात. त्यांना मी वहिनी म्हणतों. त्यांच्या १४ कोंबड्या होत्या, आणि तालुक्याला शिकणाऱ्या मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्या अंड्यांतून निघे. आदल्या हिवाळ्यांत लस टोचणारे गांवांत आले होते, तेव्हां वहिनींनीं मला विचारलें, "मास्तर, टोचून घेऊं का?" मीं सांगितलें, "गांवठी कोंबडीला कांहीं होत नाहीं. हीं थेरें पांढऱ्या कोंबड्यांचीं." मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनीं टोचलें नाहीं. दहा दिवसांत त्यांचें खुराडें रिकामें झालें. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहींत. पण त्यानंतर दोन वर्षें कांहीं विचारायलाही आल्या नाहींत.

तेव्हां लशीची माहिती नीट ऐका. पहिली मात्रा पिलूं पांचसात दिवसांचें असतांना, डोळ्यांत किंवा नाकपुडींत एक थेंब. हिला लासोटा म्हणतात. दुसरी सुमारें आठ आठवड्यांनंतर, पंखाखालीं सुईनें. ही लस मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेंतल्या कामांतून निघाली. पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें. लस आजारी कोंबडीला देऊं नये. अडचण किंमतीची नाहीं, कुपीची आहे. एक कुपी शंभर कोंबड्यांची असते, ती बर्फांतून आणावी लागते, आणि एकदां विरघळविली कीं तासादोनतासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांचा मालक म्हणतो, माझ्यासाठीं शंभरांची कुपी कशाला; आणि असे दहा मालक एकाच आळींत राहतात. म्हणून मीं आमच्या आळीची वही घातली. कोणाच्या किती, पिलें कधीं निघालीं, कोणती मात्रा झाली, सर्व तींत लिहिलेलें असतें. शिवाय दोन नियम केले. बाजारांतून आणलेलें पांखरूं तीन आठवडे वेगळें बांधायचें. आणि मेलेली कोंबडी ओढ्यांत न टाकतां चुना घालून खोल पुरायची. एकाएकीं पुष्कळ मेल्या तर पुरण्यापूर्वीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवायचें. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हां परसांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या; तो रोग माणसालाही होऊं शकतो, म्हणून लपवाछपवी नको.

सध्यां वहींत ८८ कोंबड्या आहेत. येत्या रविवारीं सकाळीं सहाला, ऊन चढण्यापूर्वीं, टोचणी आहे. आदल्या दिवशीं तालुक्याहून कुपी मी आणीन. थर्मासमध्यें भरायचा बर्फ वहिनींनीं आपल्या घरीं करून ठेवला आहे. सुरुवात त्यांच्याच अंगणापासून होईल. त्यांच्या ११ आहेत, आणि एक रवणाला बसली आहे. तिला त्या दिवशीं उठवायचें नाहीं, असें वहीत लिहून ठेवलें आहे.